चार पायांचा कणा दोन पायांवर: कंबर का धरते आणि तिला कसं वागवायचं

पायमोजा. एक पायमोजा उचलायला वाकलो होतो, पाण्याचा जार नाही की सिलेंडर नाही, आणि कंबरेत अशी काही चमक भरली की तसाच अर्धवट वाकलेला, पलंगाची कड धरून दहा मिनिटं उभा. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, रविवार सकाळ. दुपारपर्यंत सल्ले सुरू झाले. शेजारचे काका म्हणाले मणक्यात गॅप आला असणार, मित्र म्हणाला नस दबलीय, पट्टा घे, आणि गावाकडून आत्याचा फोन की अरे ही उसण आहे, एखादा पायाळू माणूस शोध आणि पाठीत हलकीशी लाथ मारून घे. (शोधला असता, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुणी पायाळू आहे का' असं टाकायची हिंमत झाली नाही.)

पडून पडून कंटाळा आला म्हणून वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की कंबरदुखीच्या सल्ल्यांमध्ये 'काय करा' याचा ढीग असतो आणि 'का' कुठेच नसतं. ताठ बसा. का? वाकू नका. का? आणि हा 'का' शोधत गेलं की माणूस थेट आफ्रिकेतल्या वानरांपर्यंत जाऊन पोचतो. म्हणून हे गाईड जरा उलटं लिहितोय, आधी कणा असा का झाला ते, आणि त्यावरून घरी काय करायचं ते. मी डॉक्टर नाही हे आत्ताच सांगतो, कंबर धरलेला आणि मग वाचत सुटलेला माणूस आहे.

आधी हे तपासा

उत्क्रांती वगैरे दोन मिनिटं बाजूला. लघवी अडकलीय किंवा न कळत होतेय, संडासच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर झालंय, दोन्ही पायांतली ताकद जातेय, चालताना पंजा उचलत नाही, घासत जातो: यातलं काहीही असेल तर वाचत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र असेल तर रात्रीच. कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जो झुपका असतो तो दाबला गेला की असं होतं आणि तिथे तासांचा हिशोब असतो. दुसरं म्हणजे आडवं पडूनही दुखणं थांबत नाही, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, तर मणक्याचा टीबी आहे का ते बघावं लागतं, आपल्या देशात तो काही दुर्मिळ नाही. आधी कॅन्सर होऊन गेलेले, बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेले, पडलेले आपटलेले वयस्कर लोक, यांनीही आधी डॉक्टर. बाकीच्यांनी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी, पुढे वाचा.

आढ्याचा खांब कसा झाला

जुनं कौलारू घर डोळ्यासमोर आणा. वर आडवं आढं, खाली उभे खांब. चार पायांच्या जनावराचा कणा म्हणजे ते आढं, चार पाय म्हणजे खांब, आणि पोट आतडी वगैरे सगळा संसार आढ्याला खाली टांगलेला. आता समजा कुणी म्हणालं की घर पाडायचं नाही, एक दिवससुद्धा रिकामं करायचं नाही, पण हळूहळू हेच आढं उभं करून खांब म्हणून वापरायचंय. उत्क्रांतीने नेमकं हेच केलं. नवीन लाकूड मागवायची सोय नाही, आहे तेच तासायचं, वाकवायचं, पाचर मारायची. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा जाकोब यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं होतं, की उत्क्रांती इंजिनिअरसारखी काम करत नाही, हाताला लागेल ते घेऊन जोडाजोडी करणाऱ्या माणसासारखी करते. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही, निम्मा देश त्यावर चालतो.

फक्त एक गैरसमज काढून टाका, की माणूस कालपरवा उभा राहिला म्हणून कंबर दुखते. कालपरवा नाही हो. टांझानियात लेटोलीला ज्वालामुखीच्या राखेत दोन पायांवर चालणाऱ्यांची पावलं उमटलेली सापडली, ती सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची. इथिओपियात हदारला १९७४ साली सापडलेली लूसी ३२ लाख वर्षांपूर्वीची, उंची जेमतेम साडेतीन फूट, मेंदू जवळपास चिंपांझीएवढाच, पण बाई चालायची दोन पायांवर. तिच्याही पाठीच्या काही मणक्यांवर बिघाडाच्या खुणा आहेत. म्हणजे दुखणं जुनं आहे, पण दुरुस्तीला वेळही भरपूर मिळालाय आणि दुरुस्त्या झाल्यात पण.

पहिली दुरुस्ती, कंबर मोकळी केली. चिंपांझी (आपला आजोबा नव्हे, चुलतभाऊ) याच्या कंबरेत मणके तीन किंवा चार, आणि त्यातला खालचा एखादा दुसरा दोन्ही बाजूंच्या उंच उंच कमरेच्या हाडांमध्ये खुंटीसारखा अडकलेला, त्यामुळे त्याची कंबर जवळजवळ हलतच नाही. आपल्या कंबरेत पाच, आणि कमरेची हाडं बुटकी, पसरट, मध्ये मोकळी जागा. म्हणून चालताना आपले पाय एकीकडे आणि खांदे उलट बाजूला फिरू शकतात, म्हणून आपल्याकडे लावणी आहे आणि चिंपांझीकडे नाही.

दुसरी दुरुस्ती, बाक. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा कणा एकाच दिशेला वळलेला असतो, कोयरीसारखा. बाळ मान धरायला लागलं की मानेला बाक येतो, बसायला उभं राहायला लागलं की कमरेला. या कमरेच्या बाकामुळे धड बरोबर पायांच्या वर येतं. चिंपांझीला तो नाही, त्यामुळे उभं राहिलं तरी गुडघे मोडून, पुढे झुकून, सगळा भार स्नायूंवर. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंपांझींना ट्रेडमिलवर चालवून ऑक्सिजन मोजला, तर माणसाला चालायला त्यांच्यापेक्षा साधारण ७५ टक्के कमी ऊर्जा लागते असं निघालं. चालण्यात आपल्याला जी एवढी स्वस्ताई मिळाली त्यात या बाकाचाही हात आहे.

आणि किंमत कुठे मोजली? जिथे हालचालही जास्त आणि वजनही जास्त, तिथे. कमरेचे शेवटचे दोन सांधे, एक चौथ्या पाचव्या मणक्यामधला आणि एक पाचव्याच्या खालचा. गादी सरकण्याच्या बहुतेक केसेस याच दोन जागी. त्यात पाचवा मणका ज्या हाडावर बसतो त्याचा माथा सपाट नाही, पुढच्या बाजूला उतरता आहे. म्हणजे उतारावर स्टूल आणि स्टुलावर कपाट, आणि ते कपाट पुढे घसरू नये म्हणून मागून हाडाच्या आकड्यांनी धरून ठेवलेलं. हे डोक्यात राहू द्या, पुढे लागणार आहे.

'गॅप आलाय' म्हणजे नक्की काय

आपल्याकडे कंबर दुखली की मणक्यात गॅप येतो. खरं तर गॅप असायलाच हवा, त्या गॅपमध्येच गादी म्हणजे डिस्क बसलेली असते, अशा २३ गाद्या आहेत आणि कण्याच्या उंचीतला जवळपास चौथा हिस्सा त्यांचाच. वय झालं की गॅप येत नाही, उलट कमी होतो. बाहेरून कांद्यासारखे एकावर एक चिवट पापुद्रे आणि आत लिबलिबीत गर. हा गर कुठून आला ते वाचून मी उठून बसलो होतो (हळूच). ५० कोटी वर्षांपूर्वी हाडं नव्हती तेव्हा आपल्या माशासारख्या पूर्वजांच्या पाठीत एक लवचिक दांडा असायचा, पोटात असताना प्रत्येक बाळाला तो आजही तयार होतो, नंतर मणके त्याला गिळतात आणि जे उरतं तो हा गर. त्या मूळच्या पेशी आपल्यात लहानपणीच संपत येतात. डॅशहुंड, तो लांबुळका बुटक्या पायांचा कुत्रा, त्याच्यातही त्या फार लवकर संपतात आणि त्याची गादी सरकणं हा प्राण्यांच्या डॉक्टरांचा रोजचा धंदा आहे, चार पाय असून. त्यामुळे सगळा दोष उभं राहण्यावर टाकणाऱ्यांना हा कुत्रा दाखवायचा.

कामाची गोष्ट अशी की मोठेपणी या गादीला रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. खायला प्यायला मिळतं ते वरच्या खालच्या मणक्यातून झिरपत. दाब पडला की पाणी बाहेर, दाब सुटला की आत, भांडी घासायच्या स्पंजसारखं. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी पिऊन टम्म होतात, म्हणूनच सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक ते दीड सेंटीमीटर उंच असतो, खोटं वाटत असेल तर भिंतीवर पेन्सिलने खूण करून बघा, पोरांना मजा येते. पण टम्म भरलेली गादी पुढे वाकताना जास्त ताणली जाते. १९९८ मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीवाल्यांवर एक प्रयोग झाला होता, त्यांना फक्त एवढंच शिकवलं की सकाळी उठल्यावर सुरुवातीचे काही तास पुढे वाकायचं टाळा, आणि दुखणं खरंच कमी झालं.

आता आपल्या घरातली सकाळ बघा. उठल्या उठल्या वाकून अंथरुणाच्या घड्या, वाकून तोंड धुणं, वाकून केर, वाकून लादी, बादलीतून तांब्या तांब्याने आंघोळ. आई लोकांची कंबर सगळ्यात आधी का जाते त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. तर ज्यांची कंबर कुरकुरतेय त्यांनी निदान पहिला तासभर असं करा: उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा. बेसिनवर एक हात टेकवून तोंड धुवा. बादली खाली न ठेवता पाटावर किंवा स्टुलावर ठेवा, नाहीतर स्वतः स्टुलावर बसा. केर लांब दांड्याच्या झाडूने आणि शक्यतो चहानंतर. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनीही आधी जरा हिंडून फिरून घ्या, उठल्या उठल्या पायाच्या अंगठ्याला हात लावायची घाई नको. आणि हो, पायमोजे बसून.

बसायचं कसं, हा प्रश्नच जरा चुकलाय

स्पंजला काय लागतं, दाबा सोडा दाबा सोडा. तासनतास एकाच स्थितीत दाबलेला स्पंज वाळतो, मग ती स्थिती कितीही 'करेक्ट' असो. म्हणून ताठ बसा हा सल्ला मला अर्धवट वाटतो. ताठ बसून तीन तास न हलणारा आणि पोक काढून तीन तास न हलणारा, दोघंही उठताना कण्हतात.

टांझानियात हाडझा नावाचे शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणारे लोक आहेत, त्यांचा २०२० मध्ये आलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. आपल्याला वाटतं हे लोक दिवसभर पळत असतील, पण मोजल्यावर निघालं की दिवसातले जवळपास १० तास तेही निवांतच असतात, ऑफिसवाल्यांइतकेच. फरक बसण्यात आहे, त्यातला बराच वेळ उकिडवं किंवा गुडघ्यावर, आणि तसं बसताना पायांचे स्नायू थोडे का होईना जागे राहतात. खुर्चीत सगळेच झोपतात, वरचा मालक धरून. आपल्याकडे हे सगळं होतंच की, मांडी घालून जेवण, उकिडवं बसून भाजी निवडणं, पाटावर बसून पोळ्या. दोन पिढ्यांत डायनिंग टेबल, ओटा आणि कमोड आला आणि माझ्या वयाच्या निम्म्या लोकांना आता टाचा टेकवून उकिडवं बसताच येत नाही.

करायचं एवढंच, कुठलीही खुर्ची असो, अर्ध्या तासाने एकदा उठा. फोन आला की उभे राहा, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असेल तर फेऱ्या मारा, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी घ्या म्हणजे भरायला सारखं उठावं लागेल. रात्रीचं जेवण खाली बसून. उकिडवं जमत नसेल तर खिडकीचा गज धरून, टाचांखाली जाड पुस्तक ठेवून रोज मिनिटभर. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी या फंदात पडू नका, एक सांभाळताना दुसरं जायचं. आठ दहा हजारांची अर्गोनॉमिक खुर्ची मीही घेतली होती, वाईट नाही, पण इतकी आरामाची आहे की उठावंसंच वाटत नाही, आणि तीच तिची खोट.

चालणं

हा कणा चालण्यासाठी बनलाय असं वर म्हणालो, त्याचा पुरावा अलीकडेच मिळाला. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आले. सगळे नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले. निम्म्यांना फिजिओच्या सल्ल्याने हळूहळू चालणं वाढवायला लावलं, आठवड्यातून पाच वेळा ३० मिनिटांपर्यंत, बाकीच्यांना काही नाही. काहीच न करणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला मधला कालावधी ११२ दिवस, चालणाऱ्यांचा २०८. मशीन नाही, जिम नाही, फक्त चपला. (बूट घ्या, चपला म्हणायची पद्धत.)

सुरुवात १० मिनिटांपासून करा, सपाट रस्त्यावर, दर आठवड्याला चार पाच मिनिटं वाढवा. हात मोकळे सोडून चाला, मोबाईल बघत नाही आणि हात मागे बांधूनही नाही, कारण हात हलले की खांदे फिरतात, खांदे फिरले की ती चिंपांझीकडे नसलेली मोकळी कंबर हलते, आणि ती हलावी यासाठी तर सगळा खटाटोप आहे. थोडा चढ मिळाला तर उत्तम, कुल्ल्याचे स्नायू कामाला लागतात. हे स्नायू आपल्याइतके मोठे दुसऱ्या कुठल्याच वानराला नाहीत, आणि आपण त्यांचा उपयोग काय करतो तर उशी म्हणून. ते झोपले की त्यांचं काम कंबर करते. पाठीवर झोपून, गुडघे मोडून, कुल्ले वर उचलून दहा पर्यंत मोजायचं आणि खाली यायचं, असं दहा वेळा, दिवसाआड. त्यासोबत ओणवं होऊन, म्हणजे दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर टेकवून, उजवा हात आणि डावा पाय सरळ लांब करायचा, मग उलट. कॅनडातले स्टुअर्ट मॅक्गिल, ज्यांनी आयुष्यभर पाठीचाच अभ्यास केला, त्यांच्या ठरलेल्या तीन व्यायामांत हा एक आहे. चमक ताजी असताना नको, ओसरल्यावर.

उचलणं: तरफेचा हिशोब

शाळेतली तरफ आठवा. टेकू म्हणजे गादी, तिच्या मागे सुमारे ५ सेंटीमीटरवर पाठीचे स्नायू, आणि पुढे तुमच्या हातातलं वजन. पाण्याचा भरलेला जार साधारण २० किलो, तो अंगापासून ४० सेंटीमीटर लांब धरलात तर मागच्या स्नायूंना आठपट ओढावं लागतं, म्हणजे १६० किलो, आणि यात तुमच्या स्वतःच्या धडाचं वजन अजून धरलेलंच नाही. तोच जार पोटाला चिकटवून २० सेंटीमीटरवर आणला की ८० किलो. चार पायांच्या जनावराला हा हिशोब करावाच लागत नाही, त्याला हात नाहीत. आपले हात मोकळे झाले ते उभं राहिल्यामुळे आणि त्यांनी जे जे उचललं त्याचं बिल कमरेला.

म्हणून उचलण्याचा खरा नियम 'वाकू नका' हा नाही, 'जवळ घ्या' हा आहे. आधी वस्तू ओढून पायांजवळ आणा, पाय फाकवून मध्ये घ्या, मग उचला. दुसरा नियम, वाकलेलं असताना वळू नका. गादीचे ते कांद्यासारखे पापुद्रे तिरके विणलेले असतात, एक थर एका दिशेला आणि पुढचा उलट, त्यामुळे पीळ दिला की निम्मे धागे ताणतात आणि निम्मे सैल पडतात. गाडीच्या डिकीतून बॅग काढणं, मागच्या सीटवरून झोपलेलं पोर उचलणं, वॉशिंग मशीनमधून ओले कपडे काढून बाजूच्या बादलीत टाकणं, या तिन्हीत वाकणं वळणं एकदम होतं. पाय वळवा, कंबर नाही. आणि एक फेरी दोनदा करायचा आळस सोडा, दोन्ही हातात अर्धी अर्धी पिशवी केव्हाही चांगली.

भात लावणाऱ्या बायका, ऊस तोडून मोळ्या डोक्यावर वाहणारी माणसं, यांना हे ऐकवायला मला लाज वाटते. त्यांना 'दर अर्ध्या तासाने उठा' म्हणणारा मी कोण. त्यांच्या कमरेचा प्रश्न उत्क्रांतीचा कमी आणि मजुरीच्या दराचा जास्त आहे.

बायकांची कंबर वेगळी असते, खरोखर

चार पायांच्या जनावराचं गर्भाचं ओझं आढ्याला टांगलेलं असतं, उभ्या बाईचं ते पुढे लोंबतं आणि धडाचा तोल पुढे जातो. तो सावरायला ती मागे झुकते, कमरेचा बाक वाढतो आणि उतारावरचं ते कपाट आणखी घसरू बघतं. २००७ मध्ये कॅथरीन व्हिटकम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यावर उत्क्रांतीने खास सोय केलीय, पुरुषांच्या कमरेचा बाक दोन मणक्यांच्या पाचरीच्या आकारावर पेललेला असतो, बायकांचा तीनवर, आणि मागचे सांधेही तुलनेने मोठे. अशीच सोय लाखो वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकसच्या (लूसी त्यांच्यातलीच) जीवाश्मातही दिसते. म्हणजे दिवस गेलेल्या बाईची कंबर दुखणं हा काही आजच्या मुलींचा नाजूकपणा नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना दाखवायला हरकत नाही. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी, फार वेळ एकाच जागी उभं राहणं टाळायचं, ओट्याशी उभं राहिलात तर एक पाय छोट्या पाटावर आलटून पालटून, आणि डॉक्टरांना विचारून चालणं चालू. बाळंतपणानंतर बाळाला कडेवर घेताना एकच कड पकडू नका, बदलत राहा.

एकाची दुखते, दुसऱ्याची नाही, असं का

आमच्या बाजारातला हमाल पन्नाशीचा आहे, पोती उचलतो आणि कंबर म्हणजे काय त्याला माहीत नाही, आणि मी पायमोज्याला हरलो. याचंही एक उत्तर आहे. किम्बर्ली प्लॉम्प यांनी माणसांचे आणि चिंपांझींचे मणके मोजून २०१५ मध्ये असं मांडलं की ज्यांच्या गादीचा गर मणक्यातच वर खाली घुसलेला होता त्यांच्या मणक्यांचा आकार इतर माणसांपेक्षा चिंपांझीच्या जास्त जवळ जाणारा होता. पुढे २०२० मध्ये उलट टोक सापडलं, मणक्याच्या मागच्या कमानीला तडा जाणाऱ्यांचे मणके 'जरा जास्तच माणसासारखे', म्हणजे बाक गरजेपेक्षा अधिक. हा तडा माणसातच दिसतो, साधारण ६ टक्के लोकांमध्ये, आणि खूप जणांना तो असल्याचा पत्ताही नसतो. फास्ट बॉलर त्याचे खास गिऱ्हाईक, कारण ते बॉल टाकताना मागे झुकणं, एका बाजूला वाकणं आणि पिळणं एकाच झटक्यात करतात, बुमराह कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने किती महिने बाहेर होता ते आठवा. तुमचं पोरगं तेरा चौदाचं असेल, रोज नेटमध्ये फास्ट टाकत असेल आणि कमरेच्या एकाच बाजूला दुखतंय म्हणत असेल तर तेल चोळून घालवू नका, दाखवा आणि बॉलिंग थांबवा.

मग एमआरआय काढून आपला आकार बघावा का? वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर घाई नको. २०१५ मध्ये तीन हजारांवर अशा लोकांचे रिपोर्ट एकत्र तपासले ज्यांना काहीच दुखत नव्हतं. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या, ३० टक्क्यांची गादी फुगलेली, आणि ऐंशीच्या लोकांत झीज ९६ टक्के. म्हणजे रिपोर्टमधला 'डीजनरेशन' हा शब्द बऱ्याचदा पांढऱ्या केसांइतकाच गंभीर असतो. माझ्या रिपोर्टवर चार ओळी होत्या, त्या वाचून मी महिनाभर नुसत्या भीतीने वाकलो नाही आणि दुखणं त्या भीतीनेच लांबलं असं मला आता वाटतं.

धरलीच तर

पहिला दिवस. ज्या स्थितीत बरं वाटतं तसं पडा, बहुतेकांना पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या की हायसं वाटतं. गरम पाण्याची पिशवी. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, ॲसिडिटी, किडनी, बीपीवाल्यांनी तर नक्कीच. पण पूर्ण आडवं होऊन राहू नका. हेलसिंकीत १९९५ मध्ये महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला, काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवलं, काहींना व्यायाम दिले, काहींना सांगितलं जमेल तेवढं रोजचं चालू ठेवा, आणि हे तिसरे सगळ्यात लवकर बरे झाले. स्पंज आठवा, झोपून त्याला कोण दाबणार सोडणार. तासाला एकदा भिंत धरून का होईना घरात फेरी.

फळीवर किंवा जमिनीवर झोपायचा सल्ला येईलच. स्पेनमध्ये ३१३ जुनाट दुखणेकऱ्यांना निम्म्यांना कडक आणि निम्म्यांना मध्यम गादी दिली, २००३ मध्ये निकाल आला, मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. बाक असलेला कणा फळीवर अधांतरी राहतो, साधं आहे. सतरंजीवर कापसाची गादी पुरते. पट्ट्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी नेहमीच्या वापराला तो नकोच म्हटलंय, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, तेही नको. प्रवासात, खड्ड्यांच्या रस्त्यावर एक दोन दिवस आधार वाटला तर लावा, सवय नको. पाठीवर पोराला उभं करून तुडवून घेणं, मान कमर कडाकड मोडणाऱ्याकडे जाणं, हे ताज्या चमकेत अजिबात नको, विशेषतः पायात मुंग्या असतील तर.

बहुतेकांची उसण काही दिवसांत ते सहा आठवड्यांत आपोआप ओसरते, सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला गरसुद्धा शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं. सहा आठवड्यांनंतरही पायात कळ जात असेल तर मात्र परत डॉक्टर. पायाळू माणसाच्या लाथेला इतकं यश का येतं तेही यातून कळतं, तिसऱ्या चौथ्या दिवशी लाथ, पाचव्या दिवशी आराम, श्रेय लाथेला. मी दहाव्या दिवशी दोन किलोमीटर चालून आलो आणि आत्याला फोन करून सांगितलं की बरं वाटतंय. ती म्हणाली, सापडला वाटतं पायाळू.